पोट, अंगठा आणि निमजे सर

निमजे सरांना पाठीमागून पाहिलं असतं, तर ते जाड आहेत असं कोणी म्हटलं नसतं. पाय सडपातळ, दंड घट्ट, मान ताठ. तरुणपणी कबड्डी खेळलेल्या माणसाची पाठ. ते वळले की मात्र माणूसच बदलायचा. गळ्यातली शिट्टी जिथे संपायची, तिथून त्यांचं पोट सुरू व्हायचं. गोल, टणक, थेट पुढे आलेलं. अंगावर दुसरीकडे कुठे जागाच मिळाली नाही म्हणून सगळी चरबी एकाच घरात राहायला आली असावी, तसं. पट्टा ते पोटाच्या खाली बांधत आणि चालता चालता दोन्ही हातांनी पँट वर ओढत. मैदानावरच्या मुली त्यांची ही नक्कल हुबेहूब करायच्या, आणि सर ती पाहून सगळ्यात मोठ्यानं हसायचे.

आमची मुलींची शाळा गांधीबागेच्या मागच्या गल्लीत. मी इतिहास शिकवायची, सर खेळ शिकवायचे. मुलींचा संघ बाहेरगावी जायचा तेव्हा सोबत एक बाई हवी, म्हणून मुख्याध्यापकांनी मला पाठवायला सुरुवात केली. मला कबड्डीतलं काही कळत नव्हतं. सरांना इतिहासातलं काही कळत नव्हतं. त्यामुळे आमचं छान जमलं.

सरांचं घराणं विणकरांचं. वडील, काका, आजोबा सगळे हातमागावर बसलेले. "आमच्या घरचे सारे बसून बसून वाकले, मॅडम," ते म्हणायचे, "मी एकटाच पळालो." पळाले ते विद्यापीठाच्या संघापर्यंत. पुढे नोकरी मिळाली, लग्न झालं, आणि पळणं शिट्टीवर आलं.

त्या पोटाचा त्यांना अभिमान होता. बाहेरगावी निघालो की स्टेशनवरच्या रंगीत दिव्यांच्या वजनाच्या मशीनवर ते हमखास चढत. खालून तिकीट आलं की माझ्या हातात देत. "पाहा. उंचीच्या हिशेबानं थोडंसं जास्त आहे, बस. काटा खोटं बोलते का?" मग पोटावर थाप मारून म्हणत, "हे काही लठ्ठपण नाही. खात्यापित्या घरची पाटी आहे ही."

ती पाटी कशी लागली हे मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या वस्तीत मुलीनं हाफपँट घालून मैदानात उतरायचं म्हणजे आईबापांचा जीव खालीवर व्हायचा. चांगली खेळणारी मुलगी दिसली की सर तिच्या घरी जाऊन बसत. कोमल नंदनवारच्या घरी ते गेले तेव्हा मी बरोबर होते. कोमलच्या वडिलांनी ऐकून घेण्याआधीच नकार दिला. सरांनी वादच घातला नाही. "भाऊ, स्वयंपाक झाला का?" असं विचारून ते सरळ पाटावर बसले. मटणाची लाल तर्री, भाकरी, भात, पुन्हा भात. कोमलची आई वाढत होती आणि सर नाही म्हणत नव्हते. त्यांचा घाम गळत होता. जेवण झाल्यावर हात धुता धुता त्यांनी इतकंच म्हटलं, "तुमच्या घरचं मीठ खाल्लं. आता पोरीले काही झालं तं मले जाब विचारा." कोमल दुसऱ्या दिवशी मैदानावर होती. परत येताना सर मला म्हणाले, "पानावरून उठलो असतो ना, तं पोरगी गेली होती हातची." अशा किती घरी ते जेवले असतील! आमचा अर्धा संघ त्यांच्या पोटातून उभा राहिला, असं मी गंमतीनं म्हणायची.

दुखण्याचा पहिला झटका आला तो जिल्ह्याच्या अंतिम सामन्याच्या दिवशी. सकाळी सर बसपाशी आले तेव्हा त्यांच्या उजव्या बुटाचं टोक ब्लेडनं कापलेलं होतं आणि त्यातून अंगठा बाहेर आलेला होता. लाल, चकचकीत, वांग्यासारखा फुगलेला.

"काय झालं, सर?"

"मुंगळा चावला असन."

मुंगळ्यानं असं होत नाही हे त्यांनाही कळत होतं. पुढे त्यांच्या पत्नीनं, सुमनवहिनींनी, मला सांगितलं की पहाटे त्या पायावर पांघरुणाची चादर पडलेली त्यांना सहन होत नव्हती. पंख्याचा वारा लागला तरी ते कण्हत होते. तरी ते आले, आणि सगळा सामना उभे राहिले. एक पाय जमिनीवर, दुसऱ्याची फक्त टाच टेकवलेली. "दम धर वं, कोमल! दम!" आवाज नेहमीसारखाच सगळ्या मैदानावर.

आम्ही जिंकलो. शेवटची चढाई कोमलची होती. ती धावत आली आणि आनंदानं सरांच्या अंगावर झेपावली, आणि तिचा पाय नेमका त्या अंगठ्यावर पडला. सरांनी जी किंकाळी फोडली ती मी कधी विसरणार नाही. जनावर कापताना ओरडावं तशी. दोन्ही संघ, पंच, चहावाला, सगळे जागच्या जागी थांबले. सर खाली मातीत बसले होते, पाय दोन्ही हातांनी धरायचा प्रयत्न करत होते आणि धरवत नव्हता. डोळ्यांतून धारा लागलेल्या. कोमल भीतीनं पांढरी पडली. तिच्याकडे पाहून ते म्हणाले, "आनंदाचे आहेत वं हे, बाई. आनंदाचे."

वस्तीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासून युरिक अ‍ॅसिड वाढून सांध्यात साचल्याचं सांगितलं. मटण बंद, डाळ बंद, टमाटर बंद. सरांचं एकदा ठरलं की ठरलं. ज्या माणसाला रविवारी सकाळपासून मटणाचा वास येऊ लागायचा, त्यानं ते एका दिवसात सोडलं. लोकांच्या घरी जाणंही सोडलं, कारण गेलं की पान वाढलं जाणार. डबा उघडला की त्यात भोपळा किंवा दोडका. उकडलेला. "पाहा मॅडम, वैरागी झालो," ते म्हणायचे. पण तोंडाला काहीतरी हवं म्हणून संत्र्याचं गोड सरबत यायचं, दुपारी कोल्ड्रिंकची थंड बाटली यायची. ते तर नुसतं पाणीच, त्यात कुठे मटण आहे? आणि अंगठ्याच्या भीतीनं मैदानावरचं चालणंही कमी झालं. त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि खुर्चीतून शिट्टी वाजवू लागले. पोट वाढत गेलं. सगळं सोडूनही दुखणं परत येत होतं. कधी अंगठा, कधी घोटा, मग गुडघा.

सरांनी त्यावर आपला उपाय शोधला. शर्टाच्या खिशात दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची पट्टी असायची. मेडिकलवाला ओळखीचा होता, तो चिठ्ठी मागत नव्हता. आधी दुखलं की एक, मग दुखेल म्हणून एक, मग सामन्याच्या आधी, मग जिने चढायचे म्हणून. "या गोळीनं माही नोकरी वाचवली," असं ते कौतुकानं सांगायचे.

एका वर्षी शाळेत आरोग्य तपासणीला एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. मुलींची तपासणी झाल्यावर सरांनी स्टाफरूममध्ये त्यांना आपला अंगठा दाखवला. बाईंनी अंगठा पाहिला, जुना रिपोर्ट पाहिला, आणि मग बॅगेतून शिवणकामाची असते तशी टेप काढली.

"सर, उभे राहा. शर्ट वर करा."

सर हसले. "पायात दुखून राहिलं, डॉक्टर."

"माहीत आहे. उभे राहा."

त्यांनी बेंबीपाशी टेप गुंडाळली. आम्ही सगळे शिक्षक तिथेच होतो. कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी आकडा पाहिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुमचं दुखणं इथे आहे. ही आतली चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे शरीरात युरिक अ‍ॅसिड जास्त तयार होतं, आणि किडनी ते नीट बाहेर टाकत नाही. तुम्ही डाळ सोडलीत, पण पोट तसंच ठेवलंत. ते थंड पेय आधी बंद करा, त्यातल्या साखरेनंही हे वाढतं. रोज चाला. मी देते ते औषध रोज घ्या, दुखो न दुखो. आणि त्या गोळ्या..." त्यांनी खिशाकडे बोट दाखवलं, "त्या फेकून द्या. किडनी जाईल."

सरांचा चेहरा लाल झाला. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. "वजनाचा काटा म्हणते मी ठीक आहे, अन् तुमची ही टेप म्हणते मी बिमार. पोटाचा अन् बोटाचा काय संबंध? पोट पोटाच्या जागी, बोट बोटाच्या जागी!" शर्ट खोचत ते निघून गेले. दारात पुन्हा वळून म्हणाले, "अन् हे पोट काही चोरीचं नाही. या शाळेसाठी खाल्लं आहे मी."

ते खरंच होतं.

तरी टेपचं त्यांच्या मनाला लागलं होतं. त्या वर्षी नवरात्रात त्यांनी नऊ दिवसांचा फक्त पाण्यावरचा उपास धरला. कोणाला न विचारता, एकदम. पोटच उपाशी मारतो, असं वहिनींना म्हणाले. दसऱ्याच्या आधीच असा झटका आला की दोन्ही पाय आणि एक मनगट एकदम सुजलं. वहिनी त्यांना घास भरवत होत्या. उपाशी राहिल्यानंही युरिक अ‍ॅसिड उसळतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सर एवढंच शिकले की पोट कमी करायला गेलं की जीव जातो. गोळ्या वाढल्या.

मग त्यांचा चेहरा सकाळी सुजलेला दिसू लागला. वर्गात बसल्या बसल्या डुलकी लागायची. जेवणाचा वास आला की मळमळायचं. घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. एक दिवस मैदानावर शिट्टी तोंडात धरून ते उभे होते आणि ती वाजवायला त्यांच्यात श्वासच नव्हता. कोमल तेव्हा कॉलेजात होती, संध्याकाळी लहान मुलींना शिकवायला यायची. तिनं रिक्षा बोलावली.

दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. वर्षानुवर्षं साचलेलं युरिक अ‍ॅसिड, वाढलेला रक्तदाब, आणि त्यावर त्या गोळ्या. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तीनही गोष्टी एका दमात सांगितल्या.

दवाखान्यातून सुटताच सर त्या तरुण डॉक्टरीणबाईंच्या घरी गेले. मला बरोबर घेऊन. बाई दार उघडून उभ्या, आणि सर हात जोडून पायरीवर.

"डॉक्टर, मी तुमच्याशी चुकीचं बोललो. आता सांगा. पोट किती कमी करू? सांगान तेवढं करतो."

बाई दारातून बाजूला सरल्या. "सर, आत या."

"नाही, आधी सांगा. ते कमी केलं तं किडनी परत येईन का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "नाही, सर."

"थोडीशी?"

"उरलंय तेवढं सांभाळू आपण. चाला, औषध घ्या. पण गेलेली परत येत नाही."

सर कितीतरी वेळ मान हलवत राहिले, एखाद्या मुलीला नियम समजावून सांगितल्यावर तिनं हलवावी तशी. मग म्हणाले, "ठीक आहे. तरी करतो."

आणि त्यांनी केलं. उशीर झालेला असताना, काही उपयोग नाही हे माहीत असताना. रोज सकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या. सरबत बंद, थंड बाटली बंद. पोट उतरू लागलं. मग आजारानंही हात दिला. गाल बसले, खांदे उतरले, पँट कमरेवर राहीना. गल्लीतली माणसं थांबवून म्हणायची, "वा सर! काय बारीक झाले! काय करून राहिले?" सर हसून म्हणायचे, "मेहनत." मी बाजूला असले की माझ्याकडे पाहायचे नाहीत.

डायलिसिस सुरू झालं. सुमनवहिनी आपली किडनी द्यायला तयार होत्या, पण त्यांना साखरेचा आजार, डॉक्टरांनी नको म्हटलं. त्या दिवशी त्या दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिल्या. "मी काहीच कामाची नाही का वं?" असं मला विचारत होत्या. मी त्यांचा हात धरला.

दिवाळीत मुलगा आला. निखिल, पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. मी फराळाला गेले तेव्हा तो नुकताच पोहोचला होता. पाय सडपातळ, चेहरा तरतरीत, आणि टी-शर्टाच्या आत अगदी बापाचं पोट. तेच गोल, तेच टणक. सर दिवाणावर आडवे होते. त्यांची नजर मुलाच्या चेहऱ्यावर जाईचना, ती पोटावरच अडकली होती.

निखिल बापाजवळ बसला. प्रवासभर मनाशी घोकून आला असावा. म्हणाला, "बाबा, मी डॉक्टरांशी बोललो. माझी किडनी चालेल बहुतेक. मी देतो."

वहिनींच्या हातात चिवड्याची ताटली होती. त्या तशाच उभ्या राहिल्या. इतक्या महिन्यांत त्या घरात आशेचा शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

सरांनी आपला हात, डायलिसिसच्या सुयांनी काळानिळा झालेला, पुढे केला आणि मुलाच्या पोटावर ठेवला.

"काय करता, बाबा?" निखिल ओशाळून हसला.

"किती आहे कंबर?"

"बाबा, मी काय बोलतोय..."

"किती आहे?"

"मला काय माहीत! वजन नॉर्मल आहे माझं."

सरांनी डोळे मिटले. "तुझी तुझ्याजवळच ठेव," ते म्हणाले. "तुले लागन."

"असं काहून बोलता हो?" वहिनी एकदम ओरडल्या. ताटली त्यांच्या हातातून निसटली. "पोरगा देऊन राहिला, अन् तुम्ही नाही म्हणता? मी काय पाहू मग? मी काय पाहू?"

"त्याचं पाहा," सर म्हणाले. मग उठून बसायचा प्रयत्न करत त्यांनी निखिलपुढे हात जोडले. पोटच्या पोरापुढे. "निखिल, मी तुले काही मागत नाही. किडनी नको, काही नको. फक्त हे पोट उतरव, बाप्पा. रक्त तपास. हळूहळू उतरव, माझ्यासारखं उपाशी राहू नको. पण उतरव."

निखिलला ते सहन झालं नाही. त्यानं बापाचे हात धरून खाली केले. "हो बाबा, करतो. तुम्ही आधी बरे व्हा," असं म्हणून तो फोन आल्याचं निमित्त करून गच्चीत गेला. वहिनी जमिनीवर सांडलेला चिवडा गोळा करत होत्या. गोळा करता करता त्यांचं रडणं सुरू झालं, आणि सर त्यांना, "सुमन, ऐक तं, सुमन," एवढंच म्हणत राहिले.

निखिल परत गेला. किडनीचं बोलणं सरांनी पुन्हा काढू दिलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. आमच्याकडचा मे. दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, कूलर गरम वारा फेकत होता. आजारानं पाणी बंद झालं होतं. म्हणजे मोजून, घोट घोट. किडनी नाही तर प्यायलेलं पाणी जाणार कुठे? फुप्फुसात भरतं. वहिनींनी घरातला माठ उचलून शेजारी ठेवायला दिला होता, कारण तो दिसला की सर त्याच्याकडेच पाहत राहायचे.

स्वयंपाकघरात वहिनी मला हळूच म्हणाल्या, "निखिलचा फोन आला होता. घोटा सुजला म्हणे त्याचा. मुरगळला असन म्हणते. यांना सांगू नका."

मी बाहेर आले. सर खिडकीपाशी टेकून बसले होते. ओठ फुटलेले, पोट आत गेलेलं, बनियन अंगावर लोंबत असलेला. वहिनींचं कुजबुजणं ऐकण्याइतके कान अजून शाबूत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही लावा ना त्याले फोन. माझं ऐकत नाही तो. शिक्षकाचं ऐकन."

मी त्यांच्यासमोरच लावला. निखिल अदबीनं बोलला. हो मॅडम, मुरगळलाय. हो, रक्त तपासतो. या आठवड्यात काम आहे, पुढच्या आठवड्यात नक्की. बाबांना सांगा, काळजी करू नका.

"काय म्हणते?" सरांनी विचारलं.

"तपासतो म्हणतो, सर."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यावरून त्यांना कळायचं ते कळलं.

वहिनी वाटीत बर्फाचा एक तुकडा घेऊन आल्या. दुपारचा वाटा तेवढाच. सरांनी तो जिभेवर घेतला आणि तोंड मिटलं. मी निघते म्हणाले. ते काहीतरी सांगू पाहत होते. हात उचलला, भुवया वर केल्या, मला थांबायची खूण केली. मी थांबले. पण बोलायला तोंड उघडलं तर ओल निघून गेली असती. थोड्या वेळानं त्यांनी तो हात हळूच खाली घेतला, नुसती मान हलवली आणि मला जाऊ दिलं. जिन्यावरून वळून पाहिलं तेव्हा ते खिडकीत तसेच बसले होते, डोळे मिटून, ओठ घट्ट आवळून, तो तुकडा जितका वेळ पुरेल तितका पुरवत.